पाच चवींची जीभ

'यकृत' आणि 'शांत' हे दोनच शब्द लुआन शूछिनला त्या खोक्यावर वाचता आले, आणि तेवढे पुरले.

खोकं सोनेरी होतं. आत रेशमी अस्तरावर सहा बाटल्या तान्ह्या पोरांसारख्या निजवलेल्या. छांगछुन शहरातून, होणाऱ्या विहीणबाईंकडून आलेली भेट. कुरियरवाला अजून फाटकाबाहेर मोटरसायकल वळवत होता, तोवर लुआनच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"म्हाताऱ्या! इकडे ये. हे वाच."

तोंग बाओग्वेई मक्याची कणसं छपराखाली टांगत होता. लग्नाला चाळीस वर्षं झालेला माणूस. 'इकडे ये' कोणत्या सुरात आलं की धावायचं आणि कोणत्या सुरात आलं की आधी शिडीवरून नीट उतरायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो धावला.

"पाचचवीच्या फळांचा अर्क," त्याने चष्मा पुसून वाचलं. "व्हिनेगरात वाफवून काढलेला. यकृतातली आग शांत करतो. चिडचिड, धाप, झोप न लागणं, यांवर गुणकारी ठरू शकतो."

"ठरू शकतो?"

"असं लिहिलंय."

"म्हणजे ठरतो की नाही ठरत?"

"ठरू शकतो."

"मग आपला कोंबडाही उद्या अंडं घालू शकतो! छापा म्हणावं तेही सोनेरी खोक्यावर. आणि कोणाचं यकृत? कोणाची आग? सांग ना! मी चिडकी आहे? मी?"

अंगणातल्या तीन कोंबड्या कुंपणावर चढून बसल्या. तोंगने चष्मा पुन्हा पुसायला घेतला. कोंबड्यांना निदान कुंपण होतं.

त्या डोंगराळ गावात माणूस तापट आहे असं कोणी तोंडावर म्हणत नाही. 'त्याच्या यकृतात आग आहे' म्हणतात, तेही तो माणूस दोन गल्ल्या पुढे गेल्यावर. आणि इथे ज्या बाईचं अजून तोंडही पाहिलं नव्हतं, तिने तोच आरोप फीत बांधून घरपोच पाठवला होता. तोही कशाचा अर्क? पाचचवीचा! जिच्या परसातल्या वेलींवर पाचचवीचे लाल घोस लोंबताहेत, तिला! कोळ्याच्या घरी खारवलेला मासा पाठवावा तसं हे.

त्यातून लुआन म्हणजे काही साधी बाई नव्हती. शाळेत ती दोन वर्षं गेली असेल-नसेल, पण एकतीस वर्षं गावच्या खरेदी केंद्रावर फळ चाखायचं काम तिचंच होतं. साल आंबट, गर गोड, बी कडू आणि तिखट, आणि या सगळ्यांवर तरंगणारा खारटपणा. या पाचांतली एक चव जरी लंगडी असली तरी लुआन थुंकून सांगायची, "दक्षिणेचा उतार, आठ दिवस लवकर तोडलंय, आणि वाळवताना रात्री झाकलं नाही." जमीन कोणाची तेही सांगायची. गावात तिला 'जीभ' म्हणत. हे नाव तिच्या चाखण्यावरून पडलं की बोलण्यावरून, हे विचारायची छाती कोणाची झाली नव्हती.

"ओढ्यात ओत हे," तिने फर्मान काढलं. "मासे शांत होतील."

तेवढ्यात तालुक्याहून लीशान आला. लुआनचा एकुलता एक मुलगा. जंगल खात्यात नोकरी, वय छत्तीस, आणि दोनदा लग्न ठरता ठरता मोडलेलं. पहिल्या वेळी मुलीच्या आईने लुआनच्या आंबवलेल्या कोबीला 'जरा खारट' म्हटलं होतं. त्यावर लुआन जे बोलली ते ऐकून पाहुणे जेवण अर्धं टाकून बस गाठायला धावले. दुसऱ्या वेळी मुलीच्या मामाने, घर जिथे बसतं-निजतं त्या खालून शेकलेल्या विटांच्या गरम ओट्यावर बूट घालून पाय ठेवला. त्या मामाचा एक बूट अजून तोंगच्या कोठारात होता.

"आई," लीशान दारातच म्हणाला, "मला कोपऱ्यावरच ऐकू आलं."

"येऊ दे. खरं बोलणं दूरवर ऐकू येतं."

"पौर्णिमेला त्या येणार आहेत. फेईबाई. नऊ दिवस राहिले. छिंगची आई आहे ती. फार शांत बाई आहे. कमी बोलते. तू एकदा जरी अशी... आई, ही तिसरी वेळ आहे. चौथी वेळ येणार नाही. मला छिंगशीच लग्न करायचंय."

त्याचा चेहरा पाहून लुआनच्या घशात आलेलं वाक्य परत खाली गेलं. छिंग चांगली पोर होती. मागच्या हिवाळ्यात आली होती तेव्हा न सांगता चुलीत लाकडं सारली होती, भांडी घासली होती, आणि कोबी दोनदा मागून घेतला होता.

"बरं," ती म्हणाली. "पौर्णिमेला माझा आवाज चिमणीएवढा असेल."

"आजपासून सराव कर."

"आजपासून?"

"नऊ दिवस, आई."

लुआनने डोळे वटारले. पण शब्द दिला. आणि लुआनने दिलेला शब्द म्हणजे खिळा. एकदा ठोकला की भिंत पडली तरी तो तिथेच.

इकडे तोंग ओढ्यावर गेला आणि बाटल्या हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. तो मुळात भित्रा होता, आणि भित्रा माणूस विचार फार करतो. नऊ दिवस! या बाईला नऊ तास गप्प राहवत नाही. आणि हातात काय होतं? चिडचिडीवरचं औषध. बाटलीवर लिहिलं होतं, दिवसातून तीन वेळा, दहा थेंब, कोमट पाण्यातून. ठरू शकतो म्हणजे ठरूही शकतो ना!

ओढ्याकाठी एक रिकामी बाटली पडली होती. शेजारच्या हाओबाईची, लाल कापडाच्या बुचाची. हाओबाई ज्वारीचं व्हिनेगर घालायची, सगळं गाव तिच्याकडूनच घ्यायचं. तोंगने सहाही बाटल्यांतला अर्क तिच्यात ओतला, रिकाम्या बाटल्या ओढ्यात सोडल्या, रिकामं खोकं पुरावा म्हणून घरी आणलं आणि लाल बुचाची बाटली कोठारात मक्याच्या ढिगामागे ठेवली. व्हिनेगरच्या बाटलीकडे कोण बघतंय? आयुष्यात एकदा सुचलेल्या हुशारीवर तो इतका खूश झाला, की कोठारातून गुणगुणत बाहेर पडला.

चूक तिथेच झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुआनने चहाचा घोट घेतला आणि थांबली.

"याला व्हिनेगरचा वास येतोय."

"छे," तोंग म्हणाला.

"छे काय? व्हिनेगर आहे."

दुपारी मक्याच्या पेजेला तोच वास. रात्री सूपला तोच. आता, दुसऱ्या मुलखात व्हिनेगर म्हणजे व्हिनेगर असेल. तिथे मात्र बाईला व्हिनेगर पाजणं म्हणजे तिला 'जळकुटी' म्हणणं. नवऱ्याने दुसऱ्या बाईकडे पाहिलं आणि बायको धुमसली, की शेजारीण म्हणते, 'आज व्हिनेगर प्यायली वाटतं.' म्हणजे कोणीतरी लुआनला तिच्याच घरात, तिच्याच वाडग्यातून, दिवसातून तीन वेळा सांगत होतं की तू जळतेस.

कोणावर? हे शोधायला तिला वेळ लागला नाही. हाओबाई! विधवा, पन्नाशीची, गालावर खळी. संध्याकाळी गावच्या पटांगणावर बायका पंखे घेऊन नाचायच्या, त्यात हाओबाईचा पंखा सगळ्यात मोठा. आणि त्या नाचाला ढोल कोण वाजवायचं? तोंग बाओग्वेई. एरवी शिडी धरायला सांगितली तर ज्याचे खांदे दुखायचे, तो दोन-दोन तास ढोल बडवायचा.

एरवी लुआनने हे तिथल्या तिथे मोकळं केलं असतं आणि अर्ध्या तासात जेवायला वाढलं असतं. तिचा राग असाच होता. पण शब्द दिलेला. ती ओठ मिटून बसली. राग आत राहिला आणि आंबवलेल्या कोबीसारखा मुरायला लागला.

तिने घरातलं व्हिनेगरचं मडकं उचललं आणि उकिरड्यावर नेऊन फोडलं.

"अगं लीशानच्या आई, हे काय?"

"घरात थेंब राहता कामा नये," ती चिमणीएवढ्या आवाजात म्हणाली. तोंगला चाळीस वर्षांत इतकी भीती कधी वाटली नव्हती. त्याने त्या संध्याकाळी दहाचे पंधरा थेंब केले.

आणखी एक गोष्ट होती. तोंग बायकोला घाबरायचा, पण तिच्यावर त्याचा जीवही होता. अपाय नको म्हणून दर वेळी तिच्या चहात थेंब टाकण्याआधी तो स्वतः एक चमचा पिऊन बघायचा. थेंब नव्हे, चमचा. बघायचं तर नीट बघावं, म्हणून. मग पाच मिनिटं मक्याच्या ढिगाला टेकून काही होतं का याची वाट बघायचा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं. चौथ्या दिवशी तासभर.

घरात व्हिनेगरचा थेंब नाही, तरी चहाला वास. म्हणजे तो बाहेरून येत होता. आणि नवरा कोठारातून येताना डोळे अर्धे मिटलेले, मिशांना आंबट वास, चेहऱ्यावर समाधान. पाचव्या दिवशी लुआन कुंपणाजवळ गेली. पलीकडे हाओबाई मडकी उन्हाला लावत होती.

"हाओ," लुआन अगदी हळू म्हणाली, "तुझं व्हिनेगर माझ्या घरात कसं येतं?"

"काय म्हणालीस, लुआनताई? ऐकू नाही आलं."

"तुझं व्हिनेगर. माझ्या घरात."

"घसा बसलाय का तुझा? मोठ्याने बोल ना!"

"मला मोठ्याने बोलायचं नाहीये!" लुआन दातओठ खात कुजबुजली. "तू माझ्या म्हाताऱ्याला काय देतेस?"

"मी कशाला काय देऊ? तोच आला होता परवा विचारायला."

"काय?"

"चहातला व्हिनेगरचा वास कसा घालवायचा म्हणून. मी म्हटलं, मध घाल."

लुआनला आठवलं. परवापासून चहा गोडही लागत होता. म्हणजे हे दोघं मिळून! आधी जळकुटी म्हणायचं आणि वर मध चोळायचा!

"उद्यापासून तुझ्या मडक्यातला एक थेंब माझ्या दारात आला तर मडकी फोडीन तुझी."

"मडकी फोडशील? मग आजपासून तुला थेंब मागायलाही यायचं नाही! पौर्णिमेला पाहुणे येणार, डंपलिंग करणार, तेव्हा खा कोरडी!" हाओबाईला आवाज खाली ठेवायचं कुणीच सांगितलं नव्हतं. अर्ध्या गल्लीने ऐकलं.

सातव्या दिवशी खरेदी केंद्रावर पहिला माल आला. पंधरा शेतकरी टोपल्या घेऊन रांगेत. लुआन घरून चहा पिऊन गेलेली. पहिल्या टोपलीतलं फळ तिने जिभेवर ठेवलं, दाताने फोडलं आणि थुंकलं.

"याला व्हिनेगर लावलंय."

दुसरी टोपली. "याला पण."

तिसरी. चौथी. पाचवी टोपली तिच्या स्वतःच्या परसातली होती. "हा चोर कोण? हेही व्हिनेगरात बुडवलंय!"

"लुआनताई, ते तुमचंच आहे," केंद्राचा व्यवस्थापक छू म्हणाला.

"मग माझ्या घरात शिरून बुडवलंय!"

छूने गुपचूप तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. ती प्यायली आणि म्हणाली, "विहिरीतही?"

रांगेत कोणीतरी हसलं. एकतीस वर्षांत त्या रांगेत कोणी हसलं नव्हतं. छू मान खाली घालून म्हणाला, "ताई, घरी लगीनघाई आहे. तीन-चार दिवस जिभेला विश्रांती द्या."

जिभेला विश्रांती! लुआन घराकडे चालत निघाली तेव्हा तिच्या कानांतून वाफ निघायची तेवढी बाकी होती. एरवी तिने छूच्या आजोबांपासून सुरुवात केली असती. पण खिळा ठोकलेला. वाटेत तिने एका झाडाला लाथ मारली. झाडाला काही झालं नाही, अंगठा सुजला.

राग आला की जिभेला एकच चव कळते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याचंच काही खरं नव्हतं.

पौर्णिमा आली. सकाळपासून लुआनने डुकराच्या मांसाची आणि कोबीची दीडशे डंपलिंग वळली. एकेका पारीवर तिने असा अंगठा दाबला, की जणू ती हाओबाईची मान आहे. दुपारी फाटकात गाडी थांबली. लीशान उतरला, छिंग उतरली आणि मागून फेईबाई उतरल्या. रुंद खांद्यांची, दणकट बाई. हातात रुमाल. रुमाल असा पिळत होत्या, की त्यातून पाणी गळेल.

"या, विहीणबाई," लुआन चिमणीच्या आवाजात म्हणाली.

"आले, विहीणबाई," फेईबाई त्याहून बारीक आवाजात म्हणाल्या.

"प्रवास बरा झाला?"

"बरा झाला."

"डोंगर कसा वाटला?"

"छान आहे."

"चहा?"

"चालेल."

घड्याळ टिकटिकत होतं. गरम ओट्याच्या एका टोकाला लुआन, दुसऱ्या टोकाला फेईबाई. दोघी मेणाच्या बाहुल्यांसारख्या. लीशान आणि छिंग एकमेकांकडे पाहून खुशीत मान हलवत होते. तोंग कोपऱ्यात स्टुलावर बसून डुलत होता. सकाळी, कार्याचा दिवस म्हणून, त्याने तीन चमचे बघितले होते.

लुआन स्वयंपाकघरात वळली तेव्हा तिच्या तिखट कानांना पलीकडची कुजबुज ऐकू आली.

"छिंग, हे घर फार गप्प आहे गं. मला काही बरं वाटत नाहीये."

लुआनने हातातली पळी घट्ट धरली. गप्प? नऊ दिवस आतडी पिळून गप्प बसले, आता तेही बरं वाटत नाही? पण पळी तिने खाली ठेवली, हळूच. लीशानसाठी.

डंपलिंगची वाफाळती ताटं आली. फेईबाईंनी जेवायच्या काड्या उचलल्या. इकडेतिकडे पाहिलं. अगदी ओशाळवाण्या आवाजात म्हणाल्या, "थोडं व्हिनेगर मिळेल?"

लीशान आईकडे बघायला लागला. आई भिंतीकडे. व्हिनेगरशिवाय डंपलिंग म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावर बसवून जेवू घालणं. सात पिढ्यांत त्या घरात असं झालं नव्हतं. मडकं उकिरड्यावर, आणि हाओबाईकडे जायची सोय नाही.

"आत्ता आणतो," तोंग एकदम उठून म्हणाला. झोपाळू डोक्याला पुन्हा एकदा हुशारी सुचली होती. आंबट आहे, काळसर आहे, वासही तोच. कोणाला कळतंय? तो कोठारात गेला, आणि हातात बाटली घेऊन आला.

लाल कापडाच्या बुचाची बाटली.

लुआनने बूच पाहिलं. हाओबाईचं बूच. तिच्या घरात, तिच्या नवऱ्याच्या हातात, तिच्या विहिणीसमोर.

खिळा उपटला.

"म्हाताऱ्या!!"

खिडकीच्या काचा थरथरल्या. कोंबड्या कुंपणावर गेल्याच, पण शेजारचं कुत्रंही घरात पळालं.

"नऊ दिवस! नऊ दिवस मी या घरात व्हिनेगर पिते! चहात व्हिनेगर, पेजेत व्हिनेगर! मला जळकुटी म्हणतोस? त्या नाचरीची बाटली कोठारात लपवतोस? रोज तिथे जाऊन मिशा बुडवतोस? माझी जीभ गेली, केंद्रावर लोक हसले मला, आणि तू ढोल वाजव! वाज-व ढो-ल!"

"अगं, ते व्हिनेगर नाही..." तोंग बाटली छातीशी धरून मागे सरला.

"नाही? मग काय आहे? गुलाबपाणी?"

तिने बाटली हिसकली, बूच दाताने उपटलं आणि सरळ तोंडाला लावली. एक मोठा घोट. चहा नाही, मध नाही, पेज नाही.

आणि ती थांबली.

जीभ टाळ्याला लागली. डोळे बारीक झाले. आंबट. मागून गोड. मग कडू, मग टोकाला तिखट, आणि सगळ्यावर तरंगणारा खारटपणा. वरून व्हिनेगरची वाफ.

"पाचचवी," ती म्हणाली. "उत्तरेचा उतार. पहिल्या दवानंतर तोडलेली." आणखी एकदा जीभ फिरवली. "अरे! हा आपलाच माल आहे. गेल्या वर्षी मीच चाखून पास केलेला. पूर्वेच्या कोपऱ्यातल्या जुन्या वेलीचा."

"तो... विहीणबाईंचा अर्क," तोंग म्हणाला. "ओतवेना मला. म्हटलं नऊ दिवस तुला गप्प राहायचंय, तर थोडी मदत. दहा थेंब फक्त. हाओबाईची बाटली ओढ्यावर सापडली होती."

लीशानने तोंड दोन्ही हातांत लपवलं. तिसरी वेळही गेली, हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं.

"म्हणजे," लुआन सावकाश म्हणाली, आणि त्या सावकाशीत पुढचा स्फोट शिजत होता, "माझ्याच वेलीचं फळ, मीच पास केलेलं, शहरातून फीत बांधून आलं, आणि माझ्याच नवऱ्याने मला चोरून पाजलं! मी चिडकी आहे म्हणून! मी! चिडकी!"

धाड!

हा आवाज लुआनचा नव्हता. फेईबाईंनी मूठ मेजावर आपटली होती. सात डंपलिंग उडाली.

"तुम्हाला नऊच दिवस?" त्या गरजल्या. तो आवाज ऐकून लुआनही एक पाऊल मागे सरली. "मला पंधरा! पंधरा दिवस या कार्टीने मला हेच पाजलंय! 'आई, त्या बाई फार शांत आहेत, तू तिथे तोंड उघडू नकोस. आई, यकृतातली आग. आई, दहा थेंब.' दोन खोकी आणली हिने, एक मला, एक माझ्या नावाने तुम्हाला! सव्वीस वर्षं मी ट्रामवर तिकिटं फाडली, बाई! शेवटच्या डब्यातल्या फुकट्याला पहिल्या डब्यातून उतरवायची मी! आणि मी इथे 'छान आहे, बरं आहे' करत बसू?"

"आई..." छिंग म्हणाली.

"तू गप्प! आणि तुम्ही," फेईबाई लुआनकडे वळल्या, "मघापासून मला धडकी भरली होती. म्हटलं, ही सासू आहे की ओला कापूस? उद्या कुणी माझ्या पोरीला उणंदुणं बोललं, तर ही तिच्या बाजूने काय उभी राहणार? मी मनात ठरवलं होतं, जेवण झालं की नाही म्हणायचं."

"नाही म्हणायचं?" लुआन ओरडली.

"म्हणणार होते!" फेईबाई ओरडल्या. "आता कशाला म्हणू?"

"मग तारीख?"

"तुम्ही सांगा!"

"पुढच्या महिन्यात! माल उतरला की!"

"ठरलं!"

लांबून ऐकणाऱ्याला वाटलं असतं, डोकी फुटताहेत. हाओबाईलाही तसंच काहीसं वाटलं असावं. खिडकीलगतच्या कुंपणावरून तिचं डोकं वर आलं, मग हात, आणि हातात व्हिनेगरचा वाडगा.

"लुआनताई! नऊ दिवस तुझा आवाज नाही. म्हटलं मेली की काय! घे, पाहुण्यांना कोरडी घालशील."

लुआनने तिच्याकडे पाहिलं. खळीकडे पाहिलं. तोंडात चांगलं लांबलचक काहीतरी आलं होतं. ते गिळून तिने खिडकीतून हात लांब केला.

"दे इकडे. आणि तूही ये जेवायला. पंखा घरी ठेव."

सगळे बसले. लीशानने आईच्या वाडग्यात डंपलिंग वाढलं. फेईबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "कोबी खारट आहे."

लीशानचा घास घशात अडकला.

"खारटच असतो," लुआन म्हणाली. "जिभा नाहीत लोकांना."

"म्हणून तर आवडला!" फेईबाईंनी आणखी चार ओढून घेतली. "पण एक सांगा. पंधरा दिवस प्यायले मी हे. राग तर कमी झाला नाही. हा अर्क नक्की कशावर गुणकारी ठरतो?"

तेवढ्यात कोपऱ्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. तोंग स्टुलावरून घसरून गरम ओट्याला टेकला होता. एक डंपलिंग काड्यांत तसंच धरलेलं, ओठ अर्धे उघडे, कपाळावर एक सुरकुती नाही. एवढ्या आरडाओरड्यात तो गाढ झोपला होता. चाळीस वर्षं एक डोळा उघडा ठेवून निजणारा माणूस तो. लुआनने त्याला असं झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"दर वेळी आधी हाच चाखत होता वाटतं," हाओबाई म्हणाली. "त्या दिवशी म्हणत होता, मी आधी पिऊन बघतो, पण बायकोला काही बाधणार तर नाही ना. मला काय ठाऊक, मला वाटलं चहाबद्दल विचारतोय."

लुआन उठली, तोंगच्या हातातल्या काड्या सोडवून घेतल्या, डंपलिंग वाडग्यात ठेवलं आणि आपली रजई त्याच्या गुडघ्यांवर टाकली.

"चाखतो म्हणे," ती पुटपुटली. "जीभ माझी, आणि चाखतो हा."

"मग विहीणबाई!" फेईबाई ट्रामच्या आवाजात म्हणाल्या. "लग्नात ढोल कोण वाजवणार?"

लुआनने ओठांवर बोट ठेवलं. आणि नऊ दिवस घासून घासून जो मऊ आवाज तिला जमला नव्हता, तो आता आपोआप आला.

"हळू बोला हो," ती म्हणाली. "झोपलाय तो."